मामा, लॅपटॉप राहू द्या

दिवाळीत नारायणगावला गेलो होतो. रात्रीची जेवणं झाल्यावर मामांनी शर्टाच्या खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला आणि माझ्यासमोर ठेवला.

माझा मामेभाऊ अकरा वर्षांचा आहे. बुद्धिबळ खेळतो, बरा खेळतो. पहाटे उठून पुण्याला जायचं, चाकणच्या ट्रॅफिकमध्ये तासभर अडकायचं, पहिल्या फेरीला घड्याळ सुरू झाल्यावर धापा टाकत पोचायचं, हे मामा आणि तो दोन वर्षं करतायत. या उन्हाळ्यात त्याला फिडेचं रेटिंग मिळालं, १४६२. मामांनी आळीत पेढे वाटले. आणि आता हा कागद. क्लासच्या सरांनी लिहून दिलेला.

कागदावर होतं ते असं: आय-सेव्हन प्रोसेसरचा लॅपटॉप, १६ जीबी रॅम, ग्राफिक्स कार्ड ‘मस्ट’. एका परदेशी कंपनीचं डेटाबेस सॉफ्टवेअर. त्याच्यासोबत एक कोटी डावांचा डेटाबेस. एक ‘पॉवरफुल इंजिन’. वर क्लाउडचं वर्षाचं सबस्क्रिप्शन. खाली गोल करून बेरीज: एक लाख पंधरा हजार. आणि त्याच्याही खाली, बारीक अक्षरात: नसेल जमत तर सॉफ्टवेअर मी पेनड्राइव्हवर देईन.

“भाचेबुवा, तू याच लाइनीतला,” मामा म्हणाले. “बघ आणि सांग. पतसंस्थेत बोलून ठेवलंय मी.”

मामांचा टोमॅटो आहे. २०२३च्या जुलैत नारायणगावच्या मार्केटात टोमॅटोने भाव खाल्ला तेव्हा टीव्हीवाले आले होते, ते तुम्ही पाहिलं असेल. ज्या वर्षी कॅरेटं रस्त्याच्या कडेला ओतावी लागतात त्या वर्षी टीव्हीवाले आले तरी एक दिवस येतात. अशा घरात एक लाख पंधरा हजार म्हणजे काय, हे मी इथे फोडून सांगत बसत नाही.

मी म्हणालो, “मामा, राहू द्या. यातलं काहीच घेऊ नका.”

मामांचा चेहरा पडला. त्यांना वाटलं, पोरात तेवढा दम नाही असं मी म्हणतोय. म्हणून हा लेख. मामांना त्या रात्री जे तुटक तुटक सांगितलं ते नीट मांडतो, कारण असा कागद फक्त आमच्याच घरी आलेला नाही. डिसेंबर २०२४मध्ये गुकेश अठराव्या वर्षी जगज्जेता झाला. जुलै २०२५मध्ये नागपूरची दिव्या देशमुख बाटुमीत महिला विश्वचषक जिंकली आणि भारताची ८८वी ग्रँडमास्टर झाली. आमच्या हायवेच्या एका टोकाला पुण्याचे अभिजित कुंटे, दुसऱ्या टोकाला नाशिकचा विदित गुजराथी. मधल्या गावांतल्या आईबापांना स्वप्न पडणारच, आणि स्वप्न पडलं की त्याच्यामागून कोटेशन येतं.

*

आधी इंजिनचं बघू. इंजिन म्हणजे पोझिशन दिली की चाल सांगणारा प्रोग्राम. आपल्याकडे समज असा की इंजिन जितकं महाग आणि मशीन जितकं तगडं, तितका पोरगा पुढे. हा समज साफ खोटा आहे, आणि तो खोटा होऊन पंधरा वर्षं उलटून गेली.

२००९मध्ये ब्युनॉस आयर्सच्या मर्कोसुर चषकात पॉकेट फ्रिट्झ ४ नावाचा प्रोग्राम खेळला. तो एका एचटीसी मोबाइलवर चालत होता. दहा डावांत नऊ विजय, एक बरोबरी. त्या स्पर्धेपुरती त्याची कामगिरी निघाली २८९८ रेटिंगची. मॅग्नस कार्लसनचं आजवरचं सर्वोच्च रेटिंग २८८२ आहे. तो मोबाइल सेकंदाला वीस हजार पोझिशनसुद्धा बघत नव्हता. तुम्ही हा लेख ज्या फोनवर वाचताय तो त्या फोनच्या कितीतरी पुढचा आहे. तेव्हा ‘पॉवरफुल’ म्हणजे कोणापेक्षा पॉवरफुल? १४६२ रेटिंगच्या पोरापेक्षा? त्याच्यासाठी तर मामांचा तडा गेलेला जुना मोबाइलही पॉवरफुल आहे.

आणि जगातलं सगळ्यात ताकदवान म्हणावं असं इंजिन फुकट आहे. त्याचं नाव स्टॉकफिश. २००८पासून बनतंय. मूळ प्रोग्राम लिहिणारा टॉर्ड रोमस्टाड नॉर्वेचा, त्याच्यावरून स्टॉकफिश उभं करणारा मार्को कोस्ताल्बा इटलीचा. स्टॉकफिश म्हणजे वाळवलेला कॉड मासा, जो नॉर्वेत वाळतो आणि इटलीत शिजतो, म्हणून हे नाव. आठवडे बाजारात सुकट-बोंबील घेणाऱ्याला हा विनोद पटकन कळेल. या इंजिनचा सोर्स कोड उघडा आहे. कोणीही सुधारणा सुचवू शकतो. २०१३पासून ती सुधारणा फिशटेस्ट नावाच्या व्यवस्थेत तपासली जाते. जगभरचे स्वयंसेवक आपापले कॉम्प्युटर देतात, त्यांवर नवं आणि जुनं इंजिन एकमेकांशी हजारो डाव खेळतं, आणि फरक खरोखर दिसला तरच बदल आत येतो. २०२०मध्ये यात न्यूरल नेटवर्क आलं. त्याची कल्पना शोगी या जपानी बुद्धिबळासाठी यू नासू यांनी मांडलेली होती. तीही उचलता आली, कारण ती उघडी होती.

ग्राफिक्स कार्ड ‘मस्ट’ असल्याचं काय? स्टॉकफिश ग्राफिक्स कार्ड वापरतच नाही. ते प्रोसेसरवर चालतं. ग्राफिक्स कार्ड लागतं ते लीला नावाच्या दुसऱ्या इंजिनला, आणि तेही फुकट आहे. त्या कागदावर ग्राफिक्स कार्ड का होतं, याचं मला सुचणारं एकच उत्तर आहे: लॅपटॉपच्या दुकानात ‘चांगला लॅपटॉप’ म्हणजे गेमिंग लॅपटॉप, आणि यादी करणाऱ्यानेही तेच ऐकलेलं होतं.

*

आता डेटाबेस. एक कोटी डाव. ऐकायला जबरदस्त वाटतं.

विदित गुजराथीला एक कोटी डाव लागतात, हे मान्य. त्याचा उद्याचा प्रतिस्पर्धी कोण, तो काळ्याने काय खेळतो, गेल्या वर्षी कुठे फसला, हे सगळं त्या कोटीत सापडतं. तयारी म्हणजे तेच. हॅम्बर्गची चेसबेस कंपनी १९८६पासून हे काम करतेय, आणि ती ते उत्तम करते हे म्हणायला मला काही अडचण नाही. त्यांच्या मोठ्या डेटाबेसमध्ये लाखाहून जास्त डावांवर भाष्य आहे. व्यावसायिक खेळाडूने तो घ्यावा, पैसे देऊन घ्यावा.

पण माझ्या मामेभावाचा उद्याचा प्रतिस्पर्धी कोण? मंचरचा एखादा पोरगा. आळेफाट्याची एखादी मुलगी. पिंपरीतल्या शाळेचे पाचजण. त्यांची नावं त्या एक कोटीत घालून बघा. तालुक्याच्या, जिल्ह्याच्या स्पर्धेतले बहुतेक डाव कार्बन लावलेल्या नोटेशनच्या कागदावर लिहिले जातात आणि त्या कागदावरच मरतात. म्हणजे ज्यांच्याशी खेळायचंय त्यांचे डाव डेटाबेसमध्ये नाहीत, आणि जे डेटाबेसमध्ये आहेत त्यांच्याशी खेळायची वेळ आली तर आणखी दहा वर्षांनी येईल. तोवर तो डेटाबेस दहा वेळा जुना होईल.

ज्याला मोठ्या खेळाडूंचे डाव बघायचेत त्याच्यासाठी फुकट सोय आहे. मार्क क्राउदर नावाचा माणूस १९९४पासून ‘द वीक इन चेस’ चालवतो. दर आठवड्याला जगभरच्या स्पर्धांतले डाव एका फाइलमध्ये, डाउनलोड करा आणि घ्या. लिचेसवर उस्तादांच्या वीस लाखांहून जास्त डावांचा शोधक आहे, जाहिरातीशिवाय. शिवाय लिचेसवर खेळले गेलेले डाव, तेही अब्जांच्या घरात, महिन्यामहिन्याच्या फाइली करून कोणालाही वापरायला मोकळे ठेवलेत. अकरा वर्षांच्या पोराला एवढं पुरेल की नाही? उलट प्रश्न असा की याच्यातलं तो किती बघणार.

*

आता कागदावरची ती शेवटची ओळ. पेनड्राइव्ह.

यावर मी जरा चढ्या आवाजात बोलणार आहे, कारण हे मी भोगलंय. सातवीत असताना मला एका मोठ्या मुलाने असाच पेनड्राइव्ह दिला होता. क्रॅक केलेला प्रोग्राम. चालू करायला आधी अँटिव्हायरस बंद करायचा, मग एक छोटी फाइल चालवायची, मग तिच्यातून गाणं वाजायचं आणि नंबर यायचा. आम्हाला ते फार भारी वाटायचं. तीन वर्षं मी माझे सगळे डाव त्या प्रोग्राममध्ये भरले. दोनशेच्या वर असतील. नोटेशनच्या वह्या भरल्या की आई रद्दीत घालायची, मीच सांगायचो, घाल, सगळं कॉम्प्युटरमध्ये आहे.

दहावीच्या सुट्टीत कोणाच्या तरी पेनड्राइव्हमधून आणखी एक व्हायरस आला. आठवत असेल तुम्हाला, सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट व्हायचे. कॉम्प्युटरवाला आला, त्याने फॉरमॅट मारला, नवीन विंडोज मारलं. ‘डी ड्राइव्हला हात लावला नाही,’ म्हणाला. माझे डाव सी ड्राइव्हवर होते.

तो दोष मी कोणाला देऊ? देणाऱ्याला, फॉरमॅट मारणाऱ्याला, की बॅकअप न घेणाऱ्या स्वतःला? तेव्हा मी नशिबाला दिला. आता या धंद्यात सहा वर्षं काढल्यावर मला दिसतं की चूक त्याच्या आधीची होती. मी माझ्या डावांसाठी असं घर निवडलं होतं ज्याची किल्ली माझ्याकडे नव्हती. प्रोग्राम माझा नव्हता, चोरीचा होता, म्हणून अपडेट नाही, मदत नाही, विचारायची सोय नाही. आणि डाव ज्या फाइलींत होते त्या त्या कंपनीच्या स्वतःच्या फॉरमॅटमधल्या. साध्या फॉरमॅटमध्ये बाहेर काढायची सोय त्यात होती, पण तेराव्या वर्षी मला ते कोणी सांगितलं नाही, आणि शिकवणाऱ्यालाही माहीत नसावं.

‘आपल्याकडे सगळेच क्रॅक वापरतात’ असं म्हणून हा विषय हसण्यावारी नेतात. ज्या पोराला आपण पटावर हात लागला तर मोहरा हलवायलाच पाहिजे हा नियम शिकवतो, त्याच पोराला त्याच संध्याकाळी चोरीचा प्रोग्राम देतो. बरं, गरज असती तर एक वेळ समजलो असतो. इथे त्याच्याहून चांगली गोष्ट राजरोस फुकट मिळतेय आणि आपण चोरी करतोय. ही चोरी परवडत नाही म्हणून होत नाही. महाग ते चांगलं हे डोक्यात इतकं बसलंय की महाग वस्तू चोरल्याशिवाय आपल्याला समाधान होत नाही.

*

महाग ते चांगलं, यावर एक खरी गोष्ट सांगतो. ती कोर्टापर्यंत गेलेली आहे.

फेब्रुवारी २०२१मध्ये चेसबेसने ‘फॅट फ्रिट्झ २’ नावाचं इंजिन बाजारात आणलं. किंमत शंभर युरोच्या आसपास. स्टॉकफिश बनवणाऱ्यांनी ते उघडून पाहिलं आणि जाहीरपणे सांगितलं की हे आमचंच इंजिन आहे, आत न्यूरल नेटवर्क वेगळं घातलंय आणि बाकी किरकोळ बदल. स्टॉकफिश जीपीएल परवान्याखाली आहे. हा परवाना म्हणतो: घ्या, बदला, विकासुद्धा, पण ज्याला द्याल त्याला सांगा की हे कशावरून केलंय, आणि कोडही द्या. म्हणजे विकणं हा गुन्हा नव्हताच. सांगणं बंधनकारक होतं. जुलै २०२१मध्ये स्टॉकफिशवाले म्युनिकच्या कोर्टात गेले. नोव्हेंबर २०२२मध्ये तडजोड झाली. फॅट फ्रिट्झ २ आणि हुडिनी ६, दोन्हींची विक्री थांबली. कंपनीला एक वर्ष स्टॉकफिश वाटता येणार नाही असं ठरलं, आणि परवाने नीट पाळले जातात की नाही हे बघायला एक अधिकारी नेमायचं कंपनीने मान्य केलं.

मी यातून चेसबेस वाईट असं सांगत नाहीये. कंपनीने तडजोड केली, प्रकरण मिटलं. माझा मुद्दा विकत घेणाऱ्याबद्दल आहे. त्या काळात ज्याने शंभर युरो मोजले त्याला वाटत होतं की आपल्याकडे शेजाऱ्यापेक्षा भारी काहीतरी आहे. शेजाऱ्याकडे फुकटचं स्टॉकफिश होतं. दोघांच्या घरात मासा एकच शिजत होता.

मी स्वतः पगार घेतो तो सॉफ्टवेअर लिहूनच. त्यामुळे ‘सगळं फुकट हवं’ या मताचा मी नाही. लिचेस देणगीवर चालतं, परवडेल त्याने द्यावी, मी देतो. फुकट आणि मोकळं यांत फरक आहे. मोकळ्या सॉफ्टवेअरचं मोल पैसे वाचण्यात थोडं आहे आणि ते आपल्याला उघडून बघता येतं, यात जास्त आहे. नारायणगावच्या पोराला हे शिकायला म्युनिकला जायची गरज नाही, खोडदला गेलं तरी पुरे. तिथे जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना आहेत. जगातल्या कुठल्याही देशातला खगोलशास्त्रज्ञ प्रस्ताव पाठवून तिथे वेळ मागू शकतो, आणि ठरावीक मुदतीनंतर तिथला डेटा इतरांना मोकळा होतो. आमच्या गावाशेजारी इतकी मोठी उघडी विद्या उभी आहे आणि आम्ही पेनड्राइव्ह शोधतोय.

*

मग घरच्या कॉम्प्युटरवर घालायचं काय? मामांच्या घरी मी काय घातलं ते सांगतो.

माझा जुना लॅपटॉप दिला, ८ जीबी रॅमचा. ४ जीबीचा असता तरी चाललं असतं. त्यावर स्टॉकफिश, त्याच्या स्वतःच्या साइटवरून. यूट्यूबखालच्या लिंकवरून नाही. जुन्या प्रोसेसरवर नवीन फाइल उघडत नसेल तर त्याच साइटवर जुन्या प्रोसेसरसाठीची वेगळी फाइल असते, ती घ्यायची. सेटिंगमध्ये तीनच गोष्टी बघायच्या. थ्रेड्स, म्हणजे प्रोसेसरचे किती भाग कामाला लावायचे: आहेत त्याहून एक कमी, नाहीतर लॅपटॉप तव्यासारखा तापतो. हॅश, म्हणजे किती मेमरी द्यायची: ४ जीबी रॅमला ५१२ एमबी पुष्कळ. आणि एका वेळी किती चाली दाखवायच्या: तीन. एकच दाखवली की पोरगं ती पाठ करतं, तीन दिसल्या की विचारतं, दुसरी का नाही?

डेटाबेससाठी सिड. हा प्रोग्राम न्यूझीलंडच्या शेन हडसन यांनी सुरू केला, आता त्याच्या दोन-तीन शाखा आहेत, मी ‘सिड व्हर्सेस पीसी’ घातला. दिसायला जुनाट आहे, खोटं कशाला सांगू. ज्याला दिसणं महत्त्वाचं त्याने ‘ऑन क्रोआसाँ’ घ्यावं. तेही मोकळंच आहे आणि नव्या जमान्याचं दिसतं. दोन्ही इंटरनेटशिवाय चालतात. हे आमच्याकडे महत्त्वाचं आहे, कारण लाईट गेली की वायफायही जातं, आणि लाईट कधी जाईल ते महावितरणलाच ठाऊक. क्लाउड सबस्क्रिप्शनचा ढग नेमका तेव्हाच उडून जातो. शेवटाच्या अभ्यासासाठी पटावर पाच किंवा कमी मोहरी उरली असताना अचूक उत्तर देणारी टेबलबेस घातली. ती जेमतेम एक जीबीची आहे. सात मोहऱ्यांची टेबलबेस लिचेसवर ऑनलाइन बघता येते, घरी उतरवायला गेलात तर सतरा-अठरा टीबी जागा लागेल.

तुम्ही म्हणाल, हे सगळं मोबाइलवर आहे की. आहे. इंजिनपुरतं मोबाइल पुरेसा आहे, हे मी वर सांगितलंच. पण डाव भरणं, त्याला टिपणं लिहिणं, जुन्या डावाशी ताडून बघणं हे अंगठ्याने होत नाही, आणि मधेच रील येतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पोराचे डाव एका साध्या पीजीएन फाइलमध्ये. पीजीएन हे १९९३मध्ये ठरलेलं फॉरमॅट. आत नुसता मजकूर असतो: वर नावं, तारीख, निकाल, खाली चाली, महिरपी कंसात टिपणं. नोटपॅडमध्ये उघडतं. उद्या सिड बंद पडलं, लिचेस बंद पडलं, कंपन्या बुडाल्या, तरी ती फाइल उघडेल. माझे दोनशे डाव अशा फाइलमध्ये असते तर एका छोट्याशा ईमेलने वाचले असते. म्हणून कुठलंही सॉफ्टवेअर घेण्याआधी दोनच परीक्षा घ्या. एक: डाव भरा, पीजीएनमध्ये बाहेर काढा, दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडा. दोन: टिपणात ‘इथे हत्ती अडकला’ असं मराठीत लिहा, फाइल बंद करा, पुन्हा उघडा. हत्तीच्या जागी चौकोन आणि प्रश्नचिन्हं दिसली तर तो प्रोग्राम तुमच्यासाठी नाही, किंमत काहीही असो.

*

एवढं सगळं घालून झाल्यावर मी मामेभावाला सांगितलं की इंजिन बंद.

कायमचं नाही. आधी डाव भरायचा. मग जिथे विचार करायला वेळ लागला, जिथे भीती वाटली, जिथे आपण जिंकतोय असं वाटलं, तिथे स्वतःच्या शब्दांत लिहायचं. मग स्वतः शोधायचं, काय खेळायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी इंजिन लावायचं.

क्लासचे सर याला विरोध करतात. त्यांचं म्हणणं, वेळ वाया कशाला घालवायचा, उत्तर समोर आहे. या म्हणण्यातच सगळी गडबड आहे. त्या उत्तराचा अर्थ काय ते बघा. इंजिन +१ दाखवतं तेव्हा पोरं म्हणतात, एक प्यादं वर आहे. डिसेंबर २०२२च्या १५.१ आवृत्तीपासून स्टॉकफिशमध्ये +१चा अर्थ असा आहे की इथून जिंकायची शक्यता ५० टक्के. कोणाची? स्टॉकफिश स्टॉकफिशविरुद्ध खेळलं तर. मंचरचा पोरगा आणि नारायणगावचा पोरगा खेळले तर काय होईल, याबद्दल त्या आकड्यात एक अक्षर नाही. पण पोरगं +०.४ बघून म्हणतं, मी बरोबर होतो, आणि -०.६ बघून म्हणतं, मी गाढव आहे. दोन्ही वेळा त्याला डावाबद्दल काहीच कळलेलं नसतं.

शाळेत असताना २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, आम्हाला खोडदला नेत. तिथे मोबाइल बंद ठेवायला सांगत. कारण विचारलं तर सांगत, आकाशातून येणारा सिग्नल इतका बारीक असतो की तुमच्या खिशातला मोबाइलही त्याच्यापुढे ओरडतो. अकरा वर्षांच्या पोराचा स्वतःचा विचार तसाच बारीक असतो. शेजारी इंजिन चालू ठेवलं तर तो त्याचा त्यालाही ऐकू येणार नाही.

आणि हे काही माझं नवं डोकं नाही. रोहिणी खाडिलकर १९७६मध्ये तेराव्या वर्षी राष्ट्रीय महिला विजेत्या झाल्या. प्रवीण ठिपसे १९९७मध्ये ग्रँडमास्टर झाले. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी पिढ्या घडवल्या. त्यांच्यातल्या कोणाच्याही हाताशी सुरुवातीला इंजिन नव्हतं. वही होती, पट होता, आणि डाव संपल्यावर समोरच्याशी बसून केलेली चर्चा होती. मी जुना काळ चांगला म्हणून उसासे टाकत नाहीये. दिव्याच्या पिढीने इंजिन वापरलं म्हणून ती इथे पोचली, हे खरंच आहे. पण इंजिनला विचारायला आधी स्वतःचा प्रश्न लागतो, आणि तो कुठल्याच पॅकेजमध्ये मिळत नाही.

सरांचा मला राग नाही. ते जीव तोडून शिकवतात, पन्नास किलोमीटर मोटरसायकलवर येतात. पण शिकवणाऱ्याने यादी देताना स्वतःला विचारावं, की यातलं काय मी स्वतः वापरून बघितलंय आणि काय नुसतं ऐकलंय. आईबापांनीही विचारावं. कर्ज काढून घेतलेला लॅपटॉप घरात आला की पोराच्या प्रत्येक हरण्याला त्याचा हप्ता चिकटतो. सहावीतल्या मुलाच्या खांद्यावर तो कशाला?

*

गेल्या आठवड्यात मामेभावाने त्याची पीजीएन फाइल मला पाठवली. सात डाव आहेत. जुन्नरला हरलेल्या डावात एकविसाव्या चालीवर टिपण आहे: ‘इथे मी घाई केली कारण तो पाणी प्यायला उठला होता आणि मला वाटलं तो यायच्या आत खेळावं.’

मी ती पोझिशन इंजिनला दाखवली. इंजिन म्हणालं, उंट मागे घ्या. बरोबर आहे. पण ते पोरगं का हरलं, हे त्याच्या टिपणात आहे. पुढच्या वेळी समोरचा उठला की त्याला स्वतःचंच वाक्य आठवेल.

मामांनी पतसंस्थेत नको म्हणून सांगितलं. एक प्रश्न मात्र राहिलाय, त्यांनीच विचारलेला: “मग तुझे ते दोनशे डाव गेले ते गेलेच का?” गेले. पण तुमच्या घरी माळ्यावर कोणाची तरी नोटेशनची वही असेल. आजोबांची, काकांची, तुमची स्वतःची. रद्दीवाला यायच्या आत ती खाली काढा. एक डाव भरायला पंधरा मिनिटं लागतात, सॉफ्टवेअर फुकट आहे, आणि आमच्या तालुक्यातल्या माणसांचे डाव कुठल्याही एक कोटीत नाहीत.